नाताळात ऑर्लँडो: डिस्ने की युनिव्हर्सल? (सासू-सासरे सोबत)

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला असतो. नवरा, मी, मुलगी आठ वर्षांची, मुलगा सव्वाचार वर्षांचा. सासू-सासरे ऑक्टोबरअखेर तासगावहून येताहेत, मार्चअखेरपर्यंत आहेत. त्यांची पहिलीच खेप. 'आम्हाला डिस्ने दाखवा' असं ते एकदाही म्हणाले नाहीत, पण नातवंडांबरोबर डिस्नेला जाणार हे गावात सगळ्यांना सांगून झालंय. तेव्हा फ्लोरिडात ऑर्लँडोला जाणं आलं.

नवऱ्याचं ऑफिस नाताळात बंद असतं म्हणून तो २४ ते ३० डिसेंबर म्हणतोय. मुलगी हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात आहे, तिला तिथलं दुसरं, युनिव्हर्सलच हवंय. मुलाला मिकी. काल रात्री दोन्हीकडचे दर काढायला बसले. प्रत्येक तारखेला वेगळा आकडा, वर रांग टाळायचे वेगळे पैसे, त्यातही तीन प्रकार. एक वाजता लॅपटॉप मिटून झोपले.

मला एवढंच कळत नाहीये की दोन्हींत स्वस्त कुठलं, गर्दी कमी कुठे, आणि दोन्ही करावं का. नोव्हेंबरात एनजेईएची (न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाची) गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तेव्हा गेलो तर? सासरे ७१, चालायला खमके, जन्मभर द्राक्षबागेत काढलेला माणूस. सासूबाई ६६, एक गुडघा दुखरा. दोघंही शाकाहारी, अंडं नाही. मुलाची उंची काल मोजली, ३९ इंच. हे उंचीचं का विचारतात तेही सांगा.

अटकेपार

दोन्ही करू नका एवढंच सांगतो. बाकी जाणकार सांगतीलच.

आणि एक इशारा. ऑर्लँडोत हायवेवर 'डिस्नेची तिकिटं पन्नास डॉलरला' असे बोर्ड दिसतील. थांबू नका. आम्ही थांबलो होतो. नव्वद मिनिटं एक प्रेझेंटेशन ऐकायचं, नाश्ता फुकट, मग तिकिटं. अटलांटाहून रात्रभर गाडी मारून आलेलो, म्हटलं नाश्ता तर होईल. नव्वद मिनिटांची साडेचार तास झाली. पहिला माणूस गोड, दुसरा त्याचा साहेब, तिसरी बाई तर बायकोच्या डोळ्यांत बघून विचारत होती की तुमच्या मुलांना दरवर्षी सुट्टी मिळायला नको का. टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला दरवर्षी थोडे दिवस वापरायचा हिस्सा) घेतलं नाही, पण मी शेवटी 'आमच्या वडिलांना विचारावं लागेल' असं सांगून सुटलो. वय तेव्हा ४३. तिकिटं मिळाली, खरी होती, पण दुपारचे दोन वाजले होते. चार तिकिटांत वाचलेले पैसे भागिले साडेचार तास भागिले दोन माणसं, असा ताशी दर काढला तर मॅकडोनाल्डमध्ये जास्त मिळाले असते.

वहीवाली

खारीबिस्कीट, मी टँपाला राहते, २००६ पासून. ऑर्लँडो इथून सव्वा तास, आय-फोर मोकळा असेल तर. तो मोकळा नसतो. एकोणीस वर्षांत आमच्याकडे जो जो पाहुणा आला त्याला तिथे नेणं भागच होतं. पंढरपुरात घर असलेल्या माणसाला जसं दर पाहुण्याबरोबर देवळात जावं लागतं, तसं. हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी असल्यामुळे हिशोब लिहायची खोड आहे. दर खेपेचं लिहिलेलं आहे, अगदी बर्फाच्या गोळ्यापर्यंत.

त्या वहीत एप्रिल २०१४ ला, आई-बाबा आले तेव्हा, मॅजिक किंगडमचं (डिस्नेच्या चार बागांतली मुख्य; एपकॉट आणि ॲनिमल किंगडम त्यांतल्याच) मोठ्या माणसाचं एक दिवसाचं तिकीट ९९ डॉलर आहे. पुढच्या वर्षी १०५ झालं, तेव्हा शंभरी ओलांडली म्हणून इकडे केवढी बोंब. (१९७१ च्या ऑक्टोबरात ही बाग उघडली तेव्हा प्रवेश साडेतीन डॉलर होता. महागाई धरली तर आजचे अठ्ठावीसच्या आसपास. राइडची कुपनं तेव्हा वेगळी, पण तरी.) २०१८ पासून तारखेप्रमाणे दर आला. २०२५ मध्ये एका दिवसाला स्वस्तात स्वस्त ११९, तोही ॲनिमल किंगडमचा, एखाद्या सुन्या दिवसाचा. आणि तुझा नवरा म्हणतोय त्या नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडम १९९. तीन वर्षांखालचं मूल फुकट, तीन ते नऊला सूट असते पण ती नावापुरती, आणि दहावं लागलं की मूल मोठं माणूस होतं.

सहा जणांचे बाराशेच्या जवळ, त्यावर साडेसहा टक्के कर. म्हणजे साडेबाराशे झाले आणि तुम्ही अजून गेटातून आत नाही गेलात. पार्किंग तीस. रांग टाळायचा लायटनिंग लेन मल्टी पास त्या आठवड्यात माणशी चाळीसच्या आसपास धर, की आणखी अडीचशे. पंधराशेच्या वर, एका दिवसाचे, पाण्याची बाटली न घेता. रुपयात गुणू नकोस. सासऱ्यांसमोर तर अजिबात नाही.

आता ते रांगेचे प्रकार. पूर्वी फास्टपास फुकट होता. कागदी चिठ्ठी असायची. आमच्याकडे नवरा सगळ्यांची तिकिटं खिशात घालून पहाटे रेशनच्या रांगेत धावावं तसा धावायचा आणि 'सव्वा अकराची मिळाली!' म्हणून विजयी मुद्रेने परत यायचा. २०२० ला ते बंद झालं. २०२१ च्या ऑक्टोबरात तेच माणशी पंधरा डॉलरला आलं, नाव जिनी प्लस. वर्षभरात त्याचाही दर तारखेप्रमाणे झाला. २०२४ च्या जुलैत नाव बदलून लायटनिंग लेन. मल्टी पास म्हणजे बऱ्याच राइडींच्या वेळा धरता येतात. सिंगल पास म्हणजे ट्रॉनसारख्या एखाद्या बड्या राइडचे पुन्हा वेगळे पैसे. आणि तिसरा प्रीमियर पास, वेळ न धरता केव्हाही जा. तो आला तेव्हा १२९ ते ४४९ होता, माणशी, एका दिवसाचा, तिकिटाशिवाय. तो विकत घेणारी माणसं मी पाहिली आहेत. चेहऱ्यावरून आपल्यासारखीच दिसतात.

यातली खुबी समजून घे. लायटनिंग लेनमधून जितकी माणसं आत सुटतात तितकी साधी रांग थांबते. म्हणजे पैसे न देणाऱ्याने जास्त उभं राहायचं, आणि जास्त उभं राहावं लागतं म्हणून पुढच्या खेपेला त्यानेही पैसे द्यायचे. स्वस्त कुठलं आणि गर्दी कुठे हे तुझे दोन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत. तारीख चुकली की दोन्हीकडे पैसे जास्त आणि दोन्हीकडे गर्दी जास्त. तारीख बरी पडली तर मल्टी पासही लागत नाही.

२०१७ च्या नाताळात दीर-जाऊ आले होते. सुट्टी तेवढीच होती, म्हणून गेलो. चूक आमचीच, तारीख आम्हीच निवडली. मॅजिक किंगडमला पार्किंगमधून थेट गेटावर जाता येत नाही, मध्ये तळं आहे, मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जायचं. गाडी लावल्यापासून कॅसल दिसेपर्यंत सव्वा तास. दिवसभरात पाच राइड. वहीत त्या दिवसाच्या खाली फक्त 'पाच' लिहिलंय आणि त्याला दोनदा गोल केलाय.

नोव्हेंबरचा एनजेईए विसर. जर्सीच्या प्रत्येक आईला तीच आयडिया सुचते. इकडे त्याला 'जर्सी वीक' असं नावच पडलंय. त्या गुरुवारी एपकॉटात गेलीस तर मुलीची वर्गशिक्षिका भेटेल.

सासू-सासरे मार्चपर्यंत आहेत ना? मग जानेवारीचा शेवट. २०२६ ला १९ जानेवारीला मार्टिन ल्यूथर किंग डे आहे, तो लाँग वीकेंड जाऊ दे. फेब्रुवारीच्या मध्यात प्रेसिडेंट्स वीक, त्याच्या आत परत. शनिवारी २४ ला उतरा, शुक्रवारी ३० ला निघा. तिसरीतल्या मुलीची पाच दिवसांची शाळा बुडेल. बुडू दे. नेवार्कला बर्फाचा नेम नसतो, तेव्हा पहिल्या दिवसाचं काही आरक्षण करू नकोस. इकडे सकाळी थंडी वाजते, स्वेटर लागतो, दुपारी काढून कमरेला बांधायचा. एखादी-दोन राइड दुरुस्तीला बंद असेल. चालतं. जूनमध्ये दुपारी तीनला विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या सगळ्याच बंद होतात आणि आपण घामाने निथळत गिफ्टशॉपमध्ये उभे असतो, त्यापेक्षा हे बरं.

आणि डिसेंबरच करायचा असेल तर पहिला-दुसरा आठवडा, त्यातही मॅजिक किंगडममध्ये संध्याकाळी नाताळची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते तो दिवस. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर काढतात, रात्रीचं दारूकाम बघायला मिळत नाही, म्हणून लोक तो दिवस टाळतात. मला तर तोच आवडतो. सव्वाचार वर्षांचं मूल सहानंतर कुणाच्याच कामाचं नसतं.

जेवण झालं की उरलेलं लिहिते. मुख्य राहिलंच आहे, आजी-आजोबांचं.

मिरचीठेचा

वहीवाली ताई, तुमची वही स्कॅन करून टाका ना कुठेतरी :)

मी युनिव्हर्सलच्या बाजूने. जूनमध्ये शिकागोहून एपिक युनिव्हर्सला, युनिव्हर्सलच्या नव्या बागेत, गेलो होतो, २२ मे २०२५ ला उघडलं आणि आम्ही तिसऱ्या आठवड्यात. भारी आहे. मध्ये एक सेलेस्टियल पार्क आणि त्याला जोडलेली चार जगं, एकेकात दारातून शिरायचं. पलीकडचं काही दिसत नाही. स्टारडस्ट रेसर्स म्हणजे दोन कोस्टर एकमेकांशी शर्यत लावतात, त्यावर मी सलग दोनदा बसलो आणि मग तासभर बाकावर. सावली कमी आहे, झाडं अजून लहान आहेत. जानेवारीत त्रास नाही व्हायचा.

पण काकू, खरं सांगायचं तर तुमच्या मुलाला ३९ इंचाला तिथे फार कमी मिळेल. मारिओ कार्टला ४० लागतात. ड्रॅगनच्या विंग ग्लायडर्सना ४०. डाँकी काँगच्या माइन कार्टला ४०. एका इंचाने सगळं गेलं! योशीवर बसता येईल. आणि निंटेंडो वर्ल्डमध्ये भिंतीवरच्या ठोकळ्यांना हात मारून नाणी जमवायची असतील तर मनगटाचा पट्टा वेगळा घ्यायचा, चाळीस-पंचेचाळीस डॉलर. पट्टा नसला तर मूल नुसतंच भिंतीला बुक्क्या मारत राहतं, आणि शेजारच्या मुलाच्या बुक्कीला आवाज येतो. मी असा एक मुलगा बघितला. फार वाईट वाटलं.

खारीबिस्कीट

काकू?? मी ३६ ची आहे रे.

एक इंचाचं मुलाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो रोज दाराच्या चौकटीला जाऊन उभा राहील.

वहीवाली

जेवण झालं. पिठलं-भात, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मिरचीठेचाने उंचीचं सांगितलंच. डिस्नेत ३९ ला बरंच होतं. सेव्हन ड्वार्फ्सची गाडी ३८, स्लिंकी डॉग ३८, आणि डंबो, पीटर पॅन, स्मॉल वर्ल्ड यांना उंचीची अटच नाही. स्पेस माउंटन ४४, ट्रॉन ४८, ते लेकीच्या बाबांनी बघावं. मूल उंचीत बसत नसलं की एका पालकाने त्याच्याजवळ थांबायचं, दुसरा जाऊन आला की पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. डिस्नेत रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. फुकट आहे. फुकट उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक, तेव्हा दारावरच्या माणसाला विचारायला लाजू नकोस.

आता आजी-आजोबा. सगळे इथेच फसतात. आपण सहा जण, पाच दिवस, म्हणून सहा पंचे तीस तिकिटं असा हिशोब करतात. आई-बाबांच्या वेळी मीही केला होता. चार दिवसांची तिकिटं दोघांना काढली. पहिल्या दिवशी आई उत्साहात होती. दुसऱ्या दिवशी बाकावर. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्ही जा, मी घरी वरण-भात लावते, संध्याकाळी गरम मिळेल तुम्हाला. त्या वरण-भाताला डिस्नेचं तिकीट पडलं म्हणून मी तिला अजून चिडवते.

त्यांना दोनच दिवस. एक मॅजिक किंगडम, कारण कॅसलसमोरचा फोटो तासगावात पोचायलाच हवा. त्या दिवशी त्यांना राइडवर बसवण्याच्या मागे लागू नकोस. बागेभोवती फिरणारी आगगाडी (चालू असेल तर), पीपलमूव्हर नावाची उंचावरून संथ फिरणारी गाडी, आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, जे १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलं होतं. एसीत खुर्चीवर बसायचं आणि प्रेक्षागृहच गोल फिरतं. रांग सहसा नसते. सासूबाई तिथे वीस मिनिटं डोळा लावतील, लावू दे.

दुसरा एपकॉट. आणि तिथे सासऱ्यांना 'लिव्हिंग विथ द लँड' मध्ये न्यायचंच. संथ बोट आहे, पंधरा मिनिटांची, काचघरांतून जाते. मातीशिवाय वाढवलेली झाडं, मुळं हवेत लोंबताहेत आणि त्यांवर पाणी फवारतात, एकेक भोपळा पिंपाएवढा. तिथला माल तिथल्याच हॉटेलांत वापरतात. आमचे बाबा कृषी खात्यातून निवृत्त. त्यांनी ती बोट एका दिवसात तीनदा केली. तिसऱ्यांदा चढताना वही-पेन मागून घेतलं. बाहेर आल्यावर आम्ही वर्ल्ड शोकेसचे अकरा देश दाखवत फिरलो, तर मोरोक्कोत उभे राहून मला विचारतात, 'त्या टोमॅटोला ड्रिप दिलं होतं की नाही, तू बघितलंस का?' द्राक्षबागायतदार माणूस तिथून उठेल असं मला वाटत नाही.

एपकॉट खूप मोठं आहे, सासूबाईंना व्हीलचेअर घ्या. त्या नाही म्हणतील. तू 'सामान ठेवायला घेतलीये' म्हण. तासाभराने आपणहून बसतात. अनुभवाचे बोल.

तिसऱ्या दिवशी मुलं ॲनिमल किंगडमला गेली तर आजी-आजोबांना तिकीट नको. संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या रेस्टॉरंटला जेवायला बोलाव. ते हॉटेलात आहे, बागेच्या बाहेर, तिकीट लागत नाही, फक्त टेबल आधी धरून ठेवायचं. नानसारखे चार-पाच प्रकारचे पाव आणि नऊ वाट्या चटण्या येतात. शाकाहारी माणसाचं त्यावर भागतं, अंड्याचं मात्र वाढणाऱ्याला विचारून घे. आणि काचेबाहेर जिराफ उभा असतो. उजेडी पाचचं टेबल घे, अंधारात जिराफ दिसत नाही. आईला अख्ख्या फ्लोरिडात हे एकच खरं आवडलं. ॲनिमल किंगडममध्ये आत एक आनंदपूर नावाचं खोटं गाव आहे, रंग उडालेल्या भिंती, हाताने रंगवलेल्या पाट्या, वायरींची जंजाळं. अमेरिकन लोक तिथे मन लावून फोटो काढतात. तुझ्या सासऱ्यांना ते दाखवायला पैसे घालू नकोस.

युनिव्हर्सल: एकच दिवस, आणि तू आणि लेक दोघीच. मी ठामपणे सांगते. तिथल्या बऱ्याच राइड पडद्यासमोर हलवणाऱ्या नाहीतर उलटंपालटं करणाऱ्या. आजी-आजोबांना मळमळेल, धाकटा उंचीत मार खाईल. चार माणसांची तिकिटं नुसती बाहेर पिशव्या सांभाळायला काढायची का? नवरा, मुलगा आणि आजी-आजोबा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर. मुलाला तो दिवस सर्वांत आवडेल, बघ. तुम्ही दोघी एपिकला जाऊ नका, जुन्या दोन बागांचं एकत्र तिकीट काढा. हॅरी पॉटरची दोन गावं तिथे आहेत, हॉग्समीड २०१० चं, डायगन ॲली २०१४ चं, दोन्हींच्या मध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस धावते, पण तिच्यात बसायला दोन्ही बागांचं तिकीट लागतं. तेवढे पैसे दे, लेक चौथ्या पुस्तकात आहे, हेच वय. हॅग्रिडची मोटारसायकल ४८ इंच मागते, तिची उंची मोजून ठेव. छडी साठ-सत्तर डॉलरची आहे. एकच. तुला नको.

रांग टाळायचा तिथला एक्स्प्रेस पास गर्दीच्या दिवशी तिकिटाइतका किंवा जास्तही होतो. त्यांच्या तीन महागड्या हॉटेलांत राहिलं की तो जुन्या दोन बागांपुरता फुकट मिळतो, एपिकला नाही. लोक एक रात्र राहतात आणि आल्या दिवशी व निघायच्या दिवशी, दोन्ही दिवस वापरतात. दोघींसाठी, एकाच दिवसाला, ते परवडत नाही. जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी गेट उघडायच्या आधी अर्धा तास पोचलात तर लागणारही नाही.

राहायचं. सहा जणांना साध्या खोलीत घेत नाहीत, चार धरतात. डिस्नेच्या आत आर्ट ऑफ ॲनिमेशनला फॅमिली स्वीट आहेत, सहा मावतात, तिथून स्कायलायनर नावाच्या रोपवेने, मध्ये एकदा बदलून, एपकॉटला जाता येतं. आत राहिलं की लायटनिंग लेन सात दिवस आधी धरता येते, बाहेरच्यांना तीन. आणि सकाळी अर्धा तास आधी सोडतात. पूर्वी विमानतळावरून फुकट बसही होती, ती २०२२ च्या सुरुवातीला गेली. आजी-आजोबांसाठी मी मात्र बाहेर घरच घेतलं असतं. स्वयंपाकघर पाहिजे. सहा माणसांचं बाहेरचं खाणं तिकिटांच्या निम्म्याला पोचतं, आणि सासूबाई तिसऱ्या दिवशी भाकरी मागणार. फक्त घर घेताना शेवटचा आकडा बघ. एका घराची आमची जाहिरातीतली रक्कम आणि भरलेली रक्कम यांत चारशेचा फरक होता: साफसफाई, कर, आणि तलावाचं पाणी गरम करायचे दिवसाचे वेगळे. जानेवारीत ते गरम न केलेलं पाणी म्हणजे महाबळेश्वर. कर ऑरेंज काउंटीत साडेबारा टक्के आहे, तो कुठेच चुकत नाही.

आणि हो, डिस्नेत डबा नेता येतो. काचेची बरणी आणि सुटा बर्फ नको, बाकी ठेपले, दशम्या, लाडू, काही म्हणत नाहीत. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, नुसता पेला मागायचा. युनिव्हर्सलमध्ये पाण्याची बाटली आणि छोटा खाऊ चालतो, डब्बेच्या डब्बे नाही.

रिकामटेकडा_७८

पुण्यातून वाचतोय. ताई, बोटीने जायचं वाचून हसू आलं. एस्सेलवर्ल्डलाही गोराईला बोटीनेच जायचो की. १९८९ ला सुरू झालं, आमच्या शाळेची सहल गेली होती, बोटीत निम्मी मुलं ओकली आणि परतताना उरलेली. आता तेही बंद. खोपोलीचं इमॅजिका आहे, सासूसासऱ्यांनी बघितलं आहे का? बघितलं असेल तर पंधराशे डॉलर वाचतील.

बाकी १५०० गुणिले ८८ मी केलं. ताईंनी करू नका सांगितलं होतं तरी केलं. एक लाख बत्तीस हजार. आमच्या सोसायटीचा वॉचमन… जाऊ दे.

वहीवाली

म्हणून तर नाताळ नको म्हणते. आणि इमॅजिका दाखवलं तर तासगावात काय सांगणार?

अटकेपार

एक शंका. एवढं करून मुलाला काही आठवणार आहे का? सव्वाचार वर्षं. आमच्या धाकट्याला पाचव्या वर्षी नेलं, आज विचारलं तर त्याला फक्त एक सीगल आठवतो ज्याने त्याचा फ्रेंच फ्राय पळवला. तुम्हाला हर्शीपार्क अडीच-तीन तासांवर आहे, चॉकलेटवाल्यांचं, १९०६ पासूनचं. एप्रिल-मेमध्ये एका दिवसात जाऊन या. सासू-सासरे तोवर परत गेलेले असतील हे मान्य.

वहीवाली

मुलाला नाही आठवणार. आजोबांना आठवेल. बाबा आता ८२ आहेत, सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण परवाच फोनवर म्हणाले त्या बोटीतल्या भोपळ्याला खालून जाळी बांधली होती.

खारीबिस्कीट

ताई, काय म्हणू. नवऱ्याला तुमचे दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. सुट्टी मिळत नाही म्हणत होता, मग दोन पर्याय शेजारी शेजारी मांडले. नाताळ, सहा जण, चार दिवस दोन्हीकडे. आणि जानेवारी, माणसागणिक: आम्ही चौघं तीन दिवस डिस्ने, आई-बाबा दोन दिवस, आम्ही दोघी एक दिवस युनिव्हर्सल. सलग दिवसांचं तिकीट घेतलं की दिवसाचा दर उतरतो हेही धरलं. चोवीस तिकीट-दिवसांचे अठरा झाले, आणि एकूण आकडा जवळजवळ निम्मा. पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, जानेवारीत साहेबांना विचारतो.

लेकीची उंची मोजली. पावणेएकोणपन्नास. ती घरभर ओरडत फिरतेय.

रात्री तासगावला व्हिडिओ कॉल होता. डिस्नेचा जानेवारी ठरतोय म्हटल्यावर सासूबाई खूश, थंडीत गुडघा दुखतो म्हणून फ्लोरिडाच बरा म्हणाल्या. सासऱ्यांना बोटीचं, काचघरांचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, तिथे द्राक्षं लावलीत का? मला माहीत नव्हतं. ताई, लावलीत का हो?

वहीवाली

द्राक्षं मला आठवत नाहीत, आणि बाबांच्या टिपणात नाहीत. मंगळवारी मला सुट्टी आहे, पास आहेच, जाऊन बघून येते.